लहान दुकानाचा मोठा हिशेब

बारामतीच्या मार्केट यार्डात किंवा इंदापूरच्या बाजार समितीत एखाद्या अडत्याला विचारा, "शेठ, तुमचा हिशेब कसा चालतो?" उत्तर एका दमात येईल. "माल आला, लिलाव झाला, खर्च वजा केला, पट्टी दिली. त्यात काय एवढं?" हे ऐकून संगणकाची पदवी घेतलेला गावातलाच एखादा मुलगा त्यांना सॉफ्टवेअर करून द्यायला तयार होतो. महिनाभराचे काम ठरते आणि रक्कमही महिनाभराच्या कामाची ठरते. मग वर्ष उलटते. मुलगा अजून दुकानात खेटे घालतो आहे, शेठ अजून वहीच लिहीत आहेत आणि समोरच्याने आपल्याला फसवले असे दोघांनाही वाटते आहे.

खरे पाहता फसवले कोणीच नसते. मी उर्दू आणि मराठी शिकवणारा शिक्षक आहे. संगणकाच्या भाषा मला येत नाहीत. पण आपल्या तालुक्यांत वरचेवर घडणाऱ्या या भांडणाचे मूळ संगणकात नाही, हिशेबाच्या भाषेत आहे, असे माझे मत आहे. आणि त्या भाषेला मोठा इतिहास आहे.

आधी शेठजींचे ते वाक्यच पाहू. 'माल' हा शब्द अरबी. 'लिलाव' पोर्तुगीजांकडून आलेला. 'खर्च' फारसीतून, 'वजा' अरबीतून. 'पट्टी' तेवढी देशी. आणि ज्यात हे सारे मांडायचे तो 'हिशेब'ही अरबीच. जमा, बाकी, वसूल, रक्कम, वजन, नफा, दलाल, हमाल, तारीख, दप्तर, हप्ता ही सगळी मंडळी अशीच बाहेरून आली आणि इथली झाली. उर्दूच्या तासाला हे शब्द फळ्यावर लिहिले की मुले म्हणतात, "सर, हे तर मराठी आहेत." मराठीच्या तासाला लिहिले की उर्दूवाली मुले म्हणतात, "हे तर आमचे." दोघांचेही बरोबर असते.

शिवाजी महाराजांच्या काळात 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला. कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा तो कोश. पण बाजारातले जमा, खर्च आणि बाकी जागचे हलले नाहीत. दरबारात शब्द बदलायला एक हुकूम पुरतो. बाजारात तो बदलायचा तर त्या शब्दावर विसंबून देवाणघेवाण करणारे शेतकरी, हमाल, गाडीवान, दलाल आणि खरेदीदार या सगळ्यांची समजूत एकाच दिवशी बदलावी लागते. बाजारातला शब्द हा एक न लिहिलेला करार असतो. सॉफ्टवेअर करणारा मुलगा पडद्यावर 'खर्च' नावाचा एक रकाना ठेवतो, तेव्हा तो नकळत या कराराला हात घालत असतो.

त्या एका रकान्यात काय काय असते? डाळिंबाचे उदाहरण घेऊ. शेतकरी वीस क्रेट घेऊन येतो. मालाची प्रतवारी होऊन तीन ढीग लागतात आणि तीन ढिगांना तीन खरेदीदार मिळतात. रिकाम्या क्रेटचे वजन वजा होते. हमाली, तोलाई आणि गाडीभाडे लागते. भाडे कधी शेतकऱ्याने दिलेले असते, तर कधी अडत्याने परस्पर गाडीवाल्याला दिलेले असते. मागच्या हंगामात औषधासाठी घेतलेली उचल आहे. ती सगळी आज कापायची की घरात लग्न आहे म्हणून निम्मीच कापायची, हे शेठ ऐनवेळी ठरवतात. दोन भावांचा माल एकाच गाडीत आलेला असतो, पण पट्टी दोन नावांनी हवी असते. संध्याकाळी खरेदीदाराचा फोन येतो, "चार क्रेट डागी निघाले, भाव तोडा." पट्टी तर दुपारीच दिलेली असते. आता हा फरक कोणाच्या खात्यावर टाकायचा?

यातले काहीही शेठ पहिल्या दिवशी सांगत नाहीत. त्यांना लपवायचे नसते. तीस वर्षे रोज केलेली गोष्ट माणसाला माहिती वाटत नाही, ती त्याची सवय झालेली असते. श्वास कसा घेता, असे विचारले तर आपण काय सांगणार?

दुधाच्या संकलन केंद्रावर जा. सकाळ-संध्याकाळ दूध येते. गाईच्या दुधाचा पायाभूत दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरतात. त्याच्या वर-खाली प्रत्येक पॉइंटला दर बदलतो. दहा दिवसांच्या बिलातून पशुखाद्य आणि उचल कापली जाते. वीज गेली आणि एका वेळचे फॅट मोजता आले नाही, तर त्या वेळी कोणता आकडा धरायचा? गावात त्याचे उत्तर ठरलेले असते. प्रत्येक गावात ते वेगळे असते.

भिगवण आणि इंदापूरच्या मासळी बाजारात उजनीची चिलापी, कटला आणि रोहू येतात. तिथे वजनाच्या जोडीला बर्फ येतो आणि वेळही येते, कारण पहाटेचा भाव आणि दहा वाजताचा भाव एकच नसतो. उसाचे तर विचारूच नका. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज द्यायचे. वर तोडणी आणि वाहतुकीचा खर्च, सोसायटीचे कर्ज, शेअर्सची कपात. धंदा लहान असला म्हणजे नियम कमी असतात, असे मुळीच नाही. मोठ्या कंपनीत नियम कागदावर असतात. लहान धंद्यात ते माणसांच्या डोक्यात असतात, म्हणून दिसत नाहीत, इतकाच फरक.

एक नियम सगळ्यांना लावू पाहणारी यंत्रणा आणि गावागावातला रिवाज यांची गाठ घालणे हे दख्खनला नवे नाही. सर्वांत सुंदर उदाहरण कालगणनेचे आहे. हिजरी वर्ष चंद्रावर चालते आणि ते सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. म्हणूनच रमजान कधी उन्हाळ्यात तर कधी थंडीत येतो, आणि साधारण ३३ वर्षांत पूर्ण फेरी होते. इबादतीला त्याने काही अडत नाही. पण शेतसारा या वर्षावर बांधला, तर कधीतरी पीक शेतात उभे असतानाच सरकारी वर्ष संपणार. यावर इथे 'शुहूर सन' निघाला. इसवी सन १३४४ च्या सुमारास सुरू झालेल्या या सनाने आकडा हिजरीचा घेतला, पण वर्षाची सुरुवात सूर्य मृग नक्षत्रात शिरतो त्या दिवसाशी बांधली, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, पेरणीच्या तोंडावर. लोक त्याला 'मृगसाल'ही म्हणत. शिवकालीन आणि पेशवेकालीन मराठी कागदांवर हा सन अरबी आकड्यांच्या नावांनी लिहिलेला असतो. इसन्ने, सलास, अर्बा, खमस. मजकूर मोडीत, भाषा मराठी, आकडे अरबी आणि वर्षारंभ मृगाच्या पावसाचा.

आजच्या भाषेत सांगायचे तर तयार मिळालेली एक व्यवस्था स्थानिक गरजेप्रमाणे बदलून घेतली गेली. ज्याने कोणी हे केले, त्याने आधी शेतकऱ्याला विचारले असणार की बाबा, तुझे वर्ष कधी सुरू होते.

आपला हा मुलूख अशा कारभाराच्या अगदी मध्यावर होता. आज बारामती तालुक्यात असलेले सुपे आणि शेजारचे इंदापूर ही ठिकाणे निजामशाहीच्या काळात भोसले घराण्याच्या जहागिरीत होती. मालोजीराजांची गढी इंदापुरातच आहे. त्याच निजामशाहीचा वजीर मलिक अंबर. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला आणि १६२६ मध्ये मरण पावला तेव्हा दख्खनमधला सर्वांत नावाजलेला मुत्सद्दी असलेला माणूस. सारा मक्त्याने वसूल करण्याची पद्धत त्याने मोडली. जमीन आणि पीक पाहून आकारणी ठरवली. पण गावाच्या आत कोणाकडून किती आणि कसे घ्यायचे, हे त्याने पाटील-कुलकर्ण्यांच्या हाती ठेवले. गावाचे सारे बारकावे दौलताबादेहून लिहून काढता येणार नाहीत, याची ती कबुली होती.

विजापूरकडेही असेच घडले. पहिला इब्राहिम आदिलशाह १५३४ मध्ये गादीवर आला. इतिहासकार फरिश्ता लिहितो की त्याने हिशेबाचे दप्तर फारसीऐवजी हिंदवीत ठेवायला लावले आणि ते काम इथल्या ब्राह्मण कारकुनांकडे दिले. ज्यांचा हिशेब आहे त्यांच्याच भाषेत तो ठेवला तर चुका कमी होतात, हे सुलतानाला उमगले होते. आपल्याकडे आज दुकानातला नोकर मराठी बोलतो, मालक दखनी बोलतो आणि पडद्यावरची बटणे इंग्रजीत असतात.

आता दख्खनमधून थोडे बाहेर पडू. धंद्याच्या रोजच्या कामाला जुंपलेला जगातला पहिला संगणक कोणाचा होता? बँकेचा नाही आणि सरकारचाही नाही. लंडनमध्ये चहाची दुकाने आणि बेकऱ्या चालवणाऱ्या लायन्स कंपनीचा. नोव्हेंबर १९५१ मध्ये त्यांच्या 'लिओ' संगणकाने बेकरीच्या मालाचा हिशेब नियमितपणे करायला सुरुवात केली. हे काम उभे करणारे डेव्हिड कॅमिनर हे मूळचे लायन्सच्याच कार्यालयीन कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या विभागातले. त्यांना धंदा आधी माहीत होता, संगणक नंतर समजला. इतके असूनही कामगारांच्या पगाराचे काम पूर्णपणे लिओकडे सोपवायला १९५४ साल उजाडले. पावाचा आणि पगाराचा हिशेब आहे, त्यात काय एवढं, असे तिथेही कोणाला वाटलेच असेल.

फ्रेड ब्रुक्स या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९८६ मध्ये यावर नेमके बोट ठेवले. त्याच्या मते सॉफ्टवेअरमधला अवघडपणा दोन प्रकारचा असतो. एक साधनांमुळे येणारा, तो साधने सुधारली की कमी होतो. दुसरा त्या कामातच असलेला, तो कोणत्याही साधनाने जात नाही. शेठजींची उचल, डागी क्रेट आणि दोन भावांची एक गाडी हा सगळा दुसऱ्या प्रकारचा अवघडपणा आहे. संगणक कितीही वेगवान झाला तरी थोरल्या भावाची पट्टी कोणाच्या नावावर, हे त्याला कोणीतरी सांगावेच लागते.

त्याच १९८६ साली आपल्या देशात टॅलीची सुरुवात झाली. श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या व्यवसायाचे हिशेब ठेवायला योग्य सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांचा मुलगा भारत याने ते बनवले. टॅली गावोगाव पोहोचली, कारण जे सगळ्या धंद्यांत सारखे आहे तेवढे तिने नीट धरले. जमा-नावे, खतावणी, ताळेबंद. पण फॅटचा दरतक्ता, बर्फाची घट आणि उचलीची कापणी त्या समान भागाच्या बाहेर राहते. जिथे तयार वस्तू संपते तिथेच आपल्या गावातल्या मुलाचे काम सुरू होते. म्हणजे त्याच्या वाट्याला येतो तो सगळा अवघडच भाग.

मोठ्या ताकदीने केलेले प्रयोगही इथे अडखळले आहेत. १९९८ मध्ये वारणानगर परिसरात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांत, सरकारी पुढाकाराने संगणक केंद्रे उभारली गेली. शेतकऱ्याला बाजारभावापासून शेतीसल्ल्यापर्यंत सारे काही तिथे मिळावे, अशी कल्पना होती. काही वर्षांनी बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या संशोधकांनी पाहिले, तर ती केंद्रे मुख्यतः साखर कारखान्याशी होणाऱ्या व्यवहारांसाठी वापरली जात होती. शेतकऱ्याला आपल्या उसाची नोंद, वजन आणि खताचा हिशेब कळायला हवा होता. मग सात गावांत आठ महिने संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून पाहिला. काम स्वस्तात झाले आणि लोकांनाही ते आवडले. शेतकऱ्याला काय हवे होते ते कळले, पण आधी यंत्र आले आणि प्रश्न मागून आला.

आणखी एक अडचण म्हणजे जमीन हलत असताना घर बांधायचे असते. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे आणि भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी, असा बदल केला. वर्तमानपत्रात ती एका ओळीची बातमी होती. सॉफ्टवेअरमध्ये मात्र एक कपात एका माणसाच्या खात्यातून उचलून दुसऱ्याच्या खात्यात न्यायची होती, आणि जुन्या पट्ट्यांना धक्काही लागू द्यायचा नव्हता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. १८ जुलै २०२२ पासून सुटे पीठ-तांदूळ करमुक्त, पण तेच २५ किलोपर्यंतच्या पाकिटात लेबल लावून विकले तर ५ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ ला दरांचे टप्पेच बदलले. प्रत्येक वेळी किराणा दुकानदाराचा फोन त्याच मुलाला गेला, "अरे, तुझं सॉफ्टवेअर बिघडलंय." सॉफ्टवेअर जसेच्या तसे होते. बाहेरचे जग बदलले होते. आणि या फोनचे पैसे मूळ सौद्यात धरलेले नव्हते.

आता आपल्या घरातली एक गोष्ट. नावाचा रकाना. मराठी अर्ज आडनाव, नाव, वडिलांचे नाव या क्रमाने चालतो. आपल्यात अनेकांना आडनावाच्या जागी काय लिहावे हाच प्रश्न असतो. शिवाय इक्बाल की इकबाल, सय्यद की सैय्यद, मुलाणी की मुलानी? वहीत मुनीम दोन्ही नावे वाचून ओळखतो की माणूस एकच आहे. संगणकाला ती दोन माणसे वाटतात. एकाच्या नावावर उधारी आणि दुसऱ्याच्या नावावर जमा. भर म्हणून जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली यादी. पुण्याच्या सीडॅकसारख्या संस्थांनी भारतीय लिप्या संगणकावर आणल्या आणि १९९१ मध्ये इस्की हे मानक ठरले. तरी बाजारात प्रत्येक फॉन्टची अक्षरे साठवण्याची पद्धत वेगळीच राहिली. एका फॉन्टमधले 'शेख' दुसऱ्यात उघडले की भलतीच चिन्हे दिसतात. युनिकोड रुळल्यावर हा त्रास कमी झाला, पण जुन्या याद्या आजही पेटीत पडून आहेत. नाव जुळले नाही म्हणून अनुदान किंवा पीकविमा अडकणे म्हणजे काय, हे या ब्लॉगच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. दुकानातली उधारीची यादी हे त्याचेच छोटे रूप आहे.

मग करायचे काय? माझ्या अल्पमतीला तीन गोष्टी सुचतात. पहिली, मुलाने आधी कोड लिहू नये. आठ-पंधरा दिवस दुकानात बसावे, शक्यतो हंगामात. "कसं करता?" असे विचारण्यापेक्षा मागच्या महिन्याच्या वीस पट्ट्या मागाव्यात आणि प्रत्येक खाडाखोडीवर बोट ठेवून "हे का खोडलं?" असे विचारावे. धंद्याचे खरे नियम खाडाखोडीत असतात. या बसण्याचेही पैसे घ्यावेत आणि शेठनी ते द्यावेत. गवंडी पाया खोदतो त्याची मजुरी आपण देतोच की.

दुसरी, सौदा एकदाचा नसावा, वर्षाचा असावा. विहिरीवर बसवलेल्या मोटारीलाही दरवर्षी दुरुस्ती लागते. काय करून देणार, काय नाही, कायदा बदलला तर खर्च कोणाचा, हे साध्या मराठीत एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. "आपलाच मुलगा आहे" म्हणून कागद टाळला की पुढे तो मुलगाही आपला राहत नाही आणि सॉफ्टवेअरही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कुरआनमधली सर्वांत लांब आयत नमाज किंवा रोजाबद्दल नाही, ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. त्यात लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार असावेत, आणि मजकूर सांगणारा तो असावा ज्याच्यावर देणे आहे, असा आदेश आहे. म्हणजे कर्जदाराला आपल्या नावावर काय लिहिले जाते हे ठाऊक असलेच पाहिजे. वही उघडी असते. शेतकरी वाकून पाहू शकतो, बोट ठेवून भांडू शकतो. संगणकाचा पडदा शेठकडे तोंड करून असतो. आकडा छापून आला की त्याच्याशी भांडायचे कसे, हे गरीब माणसाला कळत नाही. म्हणून चांगल्या सॉफ्टवेअरची माझी कसोटी साधी आहे. पट्टीवरची प्रत्येक कपात शेतकऱ्याला त्याच्या भाषेत वाचता यावी, आणि ती का झाली हे विचारता यावे.

बारामती-इंदापुरात आज संगणक शिकलेली मुले कमी नाहीत. उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याचे बारामतीतले प्रयोग जगभर चर्चेत आहेत आणि त्याचा आनंदच आहे. पण त्याच गावातला अत्तार, बागवान, तांबोळी किंवा मारवाडी दुकानदार अजून योग्य हिशेबासाठी चाचपडतो आहे, आणि त्याच्या गल्लीतला मुलगा पुण्याला नोकरीला निघून जातो आहे. तो गेला की इथल्या बाजाराची भाषा समजणारा एक माणूस कमी होतो. मग मुंबईत किंवा बंगळुरूत बनलेले तयार ॲप येते आणि शेठना सांगते, तुमचा धंदा आमच्या रकान्यांप्रमाणे चालवा. उचल, सूट आणि लग्नघरातली सवलत त्या रकान्यांत बसत नाही, म्हणून ती हळूहळू बंद होते.

दुकानातले म्हातारे मुनीम अजून आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून घ्या. त्यांच्या डोक्यातला रिवाज लिहून काढणे हे इतिहासाचेही काम आहे आणि सॉफ्टवेअरचेही.